स्वयंचलित पिकअप ट्रकमधील मॅन्युअल शिफ्ट मोड

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या पिकअप ट्रकमध्ये गिअर निवडण्याचा काही अधिकार चालकाच्या हाती देणाऱ्या सुविधेस मॅन्युअल शिफ्ट मोड असे म्हणतात. गिअरच्या दांड्यावरील अथवा स्टिअरिंगवरील अधिक आणि उणे अशी चिन्हे असलेली बटणे दाबून चालक वरचा किंवा खालचा गिअर मागतो. क्लचचे पेडल नसते आणि प्रत्यक्ष बदल गिअरबॉक्सचा संगणकच घडवून आणतो. मोटारींमध्ये ही सुविधा बहुधा वेगाच्या हौसेसाठी वापरली जाते. पिकअप ट्रकमध्ये तिचे महत्त्वाचे काम उतारावर असते : ओझे किंवा ट्रेलर घेऊन लांब उतार उतरताना इंजिनाच्या रोधाने वेग आवरणे आणि ब्रेक तापू न देणे.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स उपलब्ध करून दिला. पुढे अमेरिकेत पिकअप ट्रकांतही असे गिअरबॉक्स रूढ झाले. त्यांच्या दांड्याला ‘डी’खेरीज ‘२’ आणि ‘१’ किंवा ‘एल’ अशा जागा असत. या जागा शोभेच्या नव्हत्या. त्या काळच्या अनेक गिअरबॉक्सांत ‘डी’मधील खालचे गिअर एकदिश क्लचवर चालत, म्हणजे इंजिन चाकांना फिरवू शके, पण चाके इंजिनाला ओढू लागली की जोड सुटे. दांडा खाली आणल्यावर जादा पट्टा किंवा क्लच आवळला जाई आणि तेव्हाच इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचे.

पोर्शे कंपनीने १९९० च्या सुमारास टिपट्रॉनिक या नावाने गिअर एकेक पायरीने वरखाली करण्याची पद्धत आणली. तिच्यासारख्या रचना नंतर इतर कंपन्यांनी स्वीकारल्या आणि त्या पिकअप ट्रकांतही आल्या. दांड्याची रूपे मात्र निरनिराळी आहेत. फोर्डच्या एफ-१५० मध्ये बटणे दांड्याच्या बाजूला असतात, तर रॅम १५०० च्या २०१३ नंतरच्या अनेक गाड्यांत दांड्याऐवजी फिरवण्याचे बटण असून अधिक-उण्याची बटणे स्टिअरिंगवर आहेत.

कमाल गिअर आणि पक्का गिअर

मॅन्युअल शिफ्ट मोड या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. पहिल्या प्रकारात चालक कमाल गिअर ठरवतो. टोयोटाच्या टॅकोमा व टुंड्रा या गाड्यांत ‘एस’ स्थितीत ४ हा आकडा दिसत असेल, तर गाडी चौथ्या गिअरमध्येच आहे असे नव्हे. ती पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आपोआप बदल करील, पाचव्यात मात्र जाणार नाही. जनरल मोटर्सच्या अनेक पिकअप गाड्यांतही हीच पद्धत आहे. दुसऱ्या प्रकारात मागितलेला गिअर पक्का धरला जातो. फोर्डच्या दहा गिअरांच्या एफ-१५० मध्ये दोन्ही पद्धती आहेत : ‘डी’मध्ये असताना उणेचे बटण दाबल्यास वरचे गिअर एकेक करून वगळले जातात, आणि दांडा ‘एम’वर नेल्यास गिअर चालकाच्या सांगण्याप्रमाणे धरला जातो.

उतारासाठी कमाल गिअर ठरवणे बहुतेक वेळा पुरेसे असते, कारण उतारावर नको असतो तो आपोआप पडणारा वरचा गिअर.

उतार आणि उष्णता

गाडी व ट्रेलर मिळून ५,५०० किलोग्रॅम वजन आहे आणि ६ टक्के उताराचा १० किलोमीटर रस्ता उतरायचा आहे, असे समजू. गाडी ६०० मीटर खाली येते आणि सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मुक्त होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सर्व ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने हा प्रवास दहा मिनिटांचा. म्हणजे सरासरी ५४ किलोवॉट. टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत काही भाग जातो. उरलेली ऊर्जा एक तर ब्रेक सोसतात, नाही तर इंजिन.

ब्रेक सतत दाबून ठेवल्यास पॅड तापतात आणि त्यांची पकड घटते. त्याहून गंभीर बाब ब्रेकच्या तेलाची आहे. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तेल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि ब्रेक लागत नाही.

इंजिनाचा रोध वेगळ्या मार्गाने येतो. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते, इंधन थांबते आणि चाके इंजिनाला फिरवू लागतात. मिटलेल्या झडपेपलीकडून हवा ओढताना पिस्टनांना होणारा विरोध आणि इंजिनातील घर्षण मिळून गाडी मागे खेचली जाते. डिझेल इंजिनात हवा अशी अडवली जात नसल्याने हा परिणाम क्षीण असतो. म्हणून मोठ्या डिझेल पिकअपांत टर्बोचार्जरची पाती आवळून धूर कोंडणारा एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. दोन्ही इंजिनांत रोध फेऱ्यांबरोबर वाढतो आणि फेरे वाढवण्यासाठी खालचा गिअर लागतो.

येथे बटण एकदा दाबून भागत नाही. फोर्डच्या दहा गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये दहाव्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ०.६४, नवव्याचे ०.६९, सातव्याचे १.०० आणि चौथ्याचे १.७७ आहे. दहाव्यात इंजिन मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला नवव्यात ते सुमारे १,५००, सातव्यात २,२०० आणि चौथ्यात ३,९०० फेरे घेईल. एक पायरी उतरल्याने फरक जवळपास जाणवत नाही. सहा पायऱ्या उतरल्यावर गाडी खऱ्या अर्थाने आवरली जाते. इंजिनाचा चढलेला आवाज ऐकून नवखा चालक घाबरतो, परंतु लाल रेषेच्या आतले हे फेरे इंजिनाला अपायकारक नसतात.

कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक हे शिखर ४,३०२ मीटर उंच असून तेथवर सुमारे ३१ किलोमीटरचा घाटरस्ता जातो. उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचे तापमान वाटेतील ग्लेन कोव्ह येथे तपासले जाते आणि ते फार चढलेले आढळल्यास ब्रेक निवेपर्यंत गाडी थांबवून ठेवतात. खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सूचना तेथे सर्वांनाच दिली जाते. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच उतरवावा लागतो. वेग वाढल्यानंतर खालचा गिअर मागितला आणि त्याने फेरे लाल रेषेपलीकडे जाणार असतील, तर संगणक ती मागणी नाकारतो.

ट्रेलर ओढण्यासाठी असलेला टो-हॉल मोड उतारावर ब्रेक दाबताच बऱ्याच गाड्यांत आपणहून गिअर उतरवतो. तो चालू ठेवून गरजेपुरता मॅन्युअल मोड वापरणे सोयीचे ठरते.

इतर उपयोग

चढावर ओझे घेऊन जाताना गिअरबॉक्स दोन गिअरांमध्ये वारंवार वरखाली करत असेल, तर कमाल गिअर ठरवल्याने ते थांबते आणि गिअरबॉक्सचे तेल कमी तापते. बर्फावर किंवा चिखलात, जेथे गिअरबॉक्स तशी मुभा देतो तेथे, दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात केल्यास चाके जागच्या जागी फिरण्याची शक्यता घटते. सपाट महामार्गावर मात्र या सुविधेचा विशेष लाभ नाही. इंधन वाचवण्यात आजचा संगणक सहसा चालकापेक्षा सरस असतो.

मर्यादा

इंजिनाचा रोध फक्त चालक चाकांवर पडतो. दुचाकी चालन असलेल्या रिकाम्या पिकअपमध्ये ही चाके मागची, म्हणजे सर्वांत कमी भाराची असतात. निसरड्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर टाकल्यास ती घसरून गाडीची शेपूट फिरू शकते; मागे ट्रेलर असल्यास तो वळून गाडीवर येण्याचा धोका असतो. ट्रेलरच्या स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकना या रोधाचा पत्ताही नसतो. शिवाय गिअरमुळे वेग कमी झाल्यास ब्रेकचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळे मागून वाहने येत असल्यास पेडलला हलका स्पर्श करून इशारा देणे इष्ट ठरते.

भारतात

भारतात स्वयंचलित पिकअप थोड्या आहेत. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स यांत सहा गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा सह्याद्रीतील चालकांचा जुना नियम या गाड्यांनाही लागू पडतो. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय नेमकी याच्या उलट आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. गाडी गिअरमध्ये असताना आधुनिक इंजिने पाय उचलताच तेही बंद करतात.