वेबसाइटचा पत्ता, दोन ओळींत

‘नांदेड डॉट जीओव्ही डॉट इन’ ही नांदेड जिल्हा प्रशासनाची वेबसाइट. नाव नांदेडचं, माहितीही नांदेडची. पण ती ज्या संगणकावरून येते, तो कुठे बसलाय? शोधाची सुरुवात करायला पायथॉनच्या शेलमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली, ‘इम्पोर्ट सॉकेट’. दुसरीत ‘सॉकेट डॉट गेटहोस्टबायनेम’ लिहायचं आणि कंसात, अवतरणचिन्हांत साइटचं नाव द्यायचं. उत्तरात ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे येतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. हाच आयपी ॲड्रेस. एकच पथ्य पाळा: ब्राउझरमधून नाव उचलताना पुढचं ‘एचटीटीपीएस’ आणि तिरप्या रेघा सोबत आल्या, तर आकड्यांऐवजी लाल अक्षरांत एरर येते. नुसतं नाव ठेवा.

लातूरच्या जिल्हा साइटवरही हाच प्रयोग करून बघा. दोन्ही साइट एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या ‘एसथ्रीवास’ व्यवस्थेवर उभ्या आहेत. साचा एकच, मजकूर ज्याचा त्याचा. त्यामुळे दोघींचे आकडे सारखे आले तरी काही चुकलेलं नसतं. एकाच पत्त्यावर शेकडो साइट सुखाने नांदतात. ब्राउझर तिथे पोचल्यावर साइटचं नावही सांगतो आणि सर्व्हर त्यानुसार पान काढून देतो.

नावाचा आकडा करून देणारी ही यंत्रणा, डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी त्या काळच्या नेटवर्कला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियात सांभाळलेल्या एका फाइलमध्ये मावायची! नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चं, म्हणजे डीएनएसपेक्षा वडील. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झालं १७ सप्टेंबर १९९४ ला आणि भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. विद्यापीठ अकरा महिन्यांनी मोठं.

आता ठिकाण. खरी गंमत इथे आहे. हातात आलेला आकडा ‘आयपीइन्फो’सारख्या सेवेला पाठवला की शहर, राज्य, देश, अक्षांश-रेखांश असं सगळं परत येतं. आकडे इतके नेमके दिसतात की विश्वास बसतो. पण गाडीच्या पाटीवर एमएच-२४ असलं तरी ती गाडी आज लातुरात नसून पुण्याला हिंजवडीत उभी असू शकते. पाटीवरून नोंदणी कळते, गाडी आत्ता कुठे आहे ते कळत नाही. आयपीचंही तसंच. आकडा कुणाच्या नावे दिलाय याची नोंद पक्की असते. शहर हा बहुतेकदा अंदाज असतो. मोबाइल डेटावर नांदेडात बसून स्वतःचा आयपी तपासा, मुंबई किंवा पुणे दिसण्याची शक्यता भरपूर. मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरतात आणि त्यांची वाहतूक मोठ्या शहरांतून बाहेर पडते.

हा अंदाज चुकला तर काय होतं, ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका शेतावरच्या कुटुंबाने भोगलं. ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत आहे’ एवढंच ठाऊक होतं, त्या सगळ्यांना आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देऊन टाकला होता: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो बिंदू नेमका पॉटविन गावाजवळच्या त्या शेतघरापाशी पडला. ६० कोटींहून जास्त पत्ते तिथे जमा! ऑनलाइन चोर, फसवणूक करणारे, हरवलेली माणसं शोधत पोलीस वर्षानुवर्षं त्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये हे उघडकीस आल्यावर बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

मग खोटं पकडायचं कसं? प्रकाशाला विचारून. मला या सगळ्यातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, जाऊन-येऊन २५,०००. म्हणजे काहीही केलं तरी १२५ मिलिसेकंद लागणारच; लातूरहून थोडे जास्तच. आता संगणकाच्या कमांड विंडोत ‘पिंग’ लिहून पुढे साइटचं नाव टाका; उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. माहितीत न्यूयॉर्क लिहिलंय आणि उत्तर ३० मिलिसेकंदांत आलं, तर उत्तर देणारं यंत्र न्यूयॉर्कमध्ये असूच शकत नाही. ते मुंबई-पुण्याकडचंही असू शकतं. ॲमेझॉनचं मुंबईतलं सर्व्हर-केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं २०१५ पासून. काही सर्व्हर पिंगला दादच देत नाहीत, तेव्हा दुसरी साइट घ्या.

आणि नाव देवनागरीत असलं तर? देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं. पायथॉनला मराठी अक्षरांतलं नाव तसंच दिलं तरी चालतं. ते आतल्या आत त्याचं रोमन अक्षरांच्या सांकेतिक नावात रूपांतर करतं आणि चार आकडे आणून देतं.