जागरण आणि मंत्रचळ

शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात रात्री दीडलाही दिवा दिसे. मला वाटायचं, उद्याची तयारी चालली असेल. पुढे कळलं, गॅसचं बटण बंद आहे ना, हे त्या वीस-वीसदा पाहत. तेव्हा मी हसले होते. आज त्याची लाज वाटते.

मैत्रिणींनो, यालाच आपल्या आज्या ‘मंत्रचळ’ म्हणत आणि डॉक्टर म्हणतात ओसीडी. हा हट्ट नव्हे, आजार आहे. त्या बाईला बहुधा सारं कळत असतं, पण वळत नसतं!

या आजाराचं झोपेच्या वेळेशी नातं आहे. आपल्या मेंदूत एक इवलंसं घड्याळ असतं. त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा, म्हणून सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवावं लागतं. रात्री झगझगीत दिवे, हातात मोबाइल आणि सकाळी पडदे ओढून झोप, की ते मागे पडलंच म्हणून समजा!

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात मेरेडिथ कोल्स यांच्या गटाने हा आजार असलेल्या २० आणि सौम्य लक्षणं असलेल्या १० जणांच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवली. झोपायला जितका उशीर, तितका दुसऱ्या दिवशी नको त्या विचारांवरचा ताबा सुटल्यासारखा त्यांना वाटे. अर्थात, दारं-कड्या तपासण्यातच मध्यरात्र उलटत असेल, तर आजारामुळेच जागरण होतं. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

मग घरी काय करावं? उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, अगदी रविवारीसुद्धा. सकाळचा चहा गॅलरीत, उजेडात घ्या. झोपण्यापूर्वी तासभर दिवे मंद आणि मोबाइल दूर. झोपायची वेळ एकदम बदलू नका. दर दोन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे आणा.

एवढ्याने आजार बरा होत नाही, बरं का! मनात शंका आली तरी पुन्हा न तपासण्याचा सराव तज्ज्ञ हळूहळू करून घेतात. गरज पडल्यास औषधंही देतात. कुठे जावं कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि घरच्यांनी? ओरडू नये. पण ‘मी पाहिलंय, बंद आहे’ अशी ग्वाहीही दहादा देऊ नये. तिनेही मंत्रचळ वाढतो. ‘तुला त्रास होतोय ना? चल, डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढं म्हणावं. वहिनींना तेव्हा कुणी, अगदी मीसुद्धा, हे म्हटलं नव्हतं.