एका नटावरचे चाक : सेंटर-लॉकविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

पोर्शे कंपनीने ९११ जीटी३ या मोटारीच्या ९९७ पिढीची सुधारित आवृत्ती २००९ साली सादर केली, तेव्हा प्रत्येक चाकाचे पाच बोल्ट जाऊन त्यांच्या जागी मधोमध बसणारा एकच मोठा नट आला. सेंटर-लॉक या नावाने ओळखली जाणारी ही रचना पोर्शेच्याच करेरा जीटीवर आणि त्याही आधी १९८७ च्या फेरारी एफ४० वर होती. परंतु रोज रस्त्यावर चालवता येईल आणि सुटीच्या दिवशी शर्यतीच्या धावपट्टीवरही नेता येईल अशा मोटारीवर ती आल्यामुळे मोटारमालक, टायरवाले आणि मेकॅनिक या सर्वांचाच तिच्याशी नेहमीचा संबंध येऊ लागला, आणि त्याबरोबर काही गैरसमजही रूढ झाले.

पहिला गैरसमज असा की ही आधुनिक शर्यतींची देणगी आहे. वास्तविक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इंग्लंडमधील रज-व्हिटवर्थ कंपनीने तारांच्या आऱ्यांची, एका नटावर निघणारी चाके प्रचारात आणली होती, आणि पुढे एमजी, ऑस्टिन-हीली, जॅग्वार यांच्या मोटारींवर ती अनेक दशके दिसत राहिली. त्या नटाला बाहेर आलेले कान असत आणि मऊ धातूच्या हातोडीने कानांवर ठोकून तो घट्ट किंवा ढिला केला जाई. मोटारीच्या एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे ठेवल्यामुळे चाकाच्या फिरण्याने नट सुटण्याऐवजी आवळलाच जावा, अशी ती योजना होती. असे बाहेर आलेले कान पादचाऱ्यांना धोकादायक ठरतात म्हणून अमेरिकेत १९६८ पासून त्यांवर बंदी आली (ती १९९६ मध्ये उठली) आणि कानांऐवजी अष्टकोनी नट आले. या जुन्या रचनेमुळेच चाक फिरता फिरता नट आपोआप घट्ट होतो असा समज आजही ऐकू येतो, पण आजच्या जीटी३सारख्या मोटारीत त्यावर विसंबून चालत नाही. तेथे नट जागेवर राहतो तो ठरवून दिलेल्या जोराने आवळल्यामुळे आणि त्याला स्वतंत्र कुलूप असल्यामुळे.

दुसरा समज वेगाचा आहे. फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेनच्या चमूने २०२३ साली कतार येथे चारही चाके १.८० सेकंदांत बदलली, हे खरे आहे. परंतु त्यामागे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक आणि प्रत्येक चाकाशी उभी असलेली सरावलेली माणसे असतात. घरी किंवा गॅरेजमध्ये हेच काम पाच बोल्टांच्या चाकापेक्षा अधिक वेळ आणि अधिक माणसे घेते. वजनाचा फायदाही समजला जातो तितका निर्णायक नाही, कारण चाकात जे वाचते त्यातले काही मोठा नट आणि भक्कम हब (म्हणजे चाक ज्यावर बसते तो आसाच्या टोकाचा फिरता भाग) यांत परत जाते. पोर्शेची ७१८ केमन जीटी४ आणि फेरारीची ४८८ पिस्ता या धावपट्टीवरचा वापर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या मोटारी पाच बोल्टांवरच धावतात, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

तिसरा समज सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो दोन परस्परविरोधी रूपांत आढळतो: एकाच नटावरचे चाक कच्चे असते असे काहींना वाटते, तर इतका मोठा नट पाच बोल्टांपेक्षा अधिक जोराने चाक दाबून धरतो असे इतरांना वाटते. ९९७ नंतरच्या ९९१ पिढीपासून जीटी३च्या मधल्या नटासाठी ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ठरवून दिलेला आहे, तर त्याच पिढीच्या साध्या ९११ च्या एका बोल्टासाठी तो १६० आहे. पाच बोल्टांची बेरीज ८०० भरते. त्यातच नटाचे आटे रुंद व्यासाचे असल्यामुळे पिळाचा बराच मोठा वाटा घर्षणात खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष दाब त्या मानाने कमी मिळतो. पाच बोल्टांच्या चाकात हा दाबच चाक आणि हब यांना घर्षणाने एकजीव ठेवतो. सेंटर-लॉकमध्ये मात्र हबवरच्या जाड खुंट्या चाकाच्या भोकांत शिरतात आणि इंजिनाचा व ब्रेकचा पीळ त्या पेलतात, तर नट चाकाला जागेवर दाबून धरतो. कामाची अशी विभागणी असल्यामुळे रचना कच्ची ठरत नाही. तरीही एक फरक उरतोच, आणि तो लपवणे योग्य नाही: पाचांपैकी एक बोल्ट ढिला झाला तर उरलेले चार वेळ निभावून नेतात, येथे निभावून नेणारे दुसरे कोणी नाही.

म्हणूनच नट बसवण्याची पद्धत हा या चाकाचा प्राण आहे. आट्यांना आणि नटाच्या निमुळत्या बैठकीला कंपनीने सांगितलेले वंगण लावावे लागते, कारण कोरड्या आट्यांवर पान्यावरचा आकडा बरोबर दिसला तरी दाब अपुराच राहतो. एक जण ब्रेक दाबून बसतो, दुसरा नट पूर्ण जोराने आवळतो, काही अंश मागे सोडतो आणि पुन्हा तितक्याच जोराने आवळतो, म्हणजे चाक हबवर नीट बसते. ६०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर सुमारे ६१ किलोग्रॅमचा भार. टायरच्या दुकानातला नेहमीचा टॉर्क रेंच (पिळाचा जोर मोजणारा पाना) इथवर पोचत नाही. सॉकेट, म्हणजे पान्याचे नटावर बसणारे तोंड, घातला की नटाच्या मधोमध असलेले स्प्रिंगचे कुलूप आत दबते आणि काढला की बाहेर येऊन नटाच्या दात्यांत अडकते. ते पूर्ण बाहेर आले आहे हे बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय मोटार हलवू नये, इतके हे छोटेसे काम मोलाचे आहे.

इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट ठोके देत फिरवणाऱ्या बंदुकीने, काम लवकर उरकते हा समजही येथेच मोडतो, कारण नट अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि सॉकेट जरा तिरका बसला तरी त्याच्या कडा झिजतात. २०२१ च्या मोनॅको येथील फॉर्म्युला वन शर्यतीत चालक वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजचा पुढचा उजवा नट बंदुकीने असाच छिलला गेला. चाक निघेना म्हणून शर्यत सोडावी लागली आणि ते चाक चमूच्या ब्रॅकली येथील कारखान्यात नेऊन सुमारे ४३ तासांनी काढता आले.

पंक्चर झाले की सेंटर-लॉकमुळेच माणूस रस्त्यात अडकतो, हा आरोप मात्र अन्यायाचा आहे. अशा मोटारींत बहुधा स्टेपनीच नसते. टायरमध्ये भरायचे रसायन आणि हवेचा छोटा पंप एवढेच साधन दिलेले असते, त्यामुळे बोल्ट पाच असते तरी टायर बाजूने फाटल्यावर मोटार सपाट गाडीवर चढवूनच न्यावी लागली असती. खरी अडचण त्यानंतर, टायरच्या दुकानात येते: तेथे योग्य सॉकेट नसतो, मोठा टॉर्क रेंच नसतो आणि रुंद मध्यछिद्राचे चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर नेमके मधोमध धरणारा जोडही नसतो. त्यासाठी सॉकेट मोटारीतच ठेवणे, दुकानदाराला टॉर्कचा आकडा लिहून देणे आणि चाक बसवताना स्वतः समोर उभे राहणे, या गोष्टी अशा मोटारीच्या मालकाने नेमाने कराव्यात.