विश्लेषण : शेताची खाण झाली की वारसा कुठे जातो? प्रभाकर पाचपुते यांची कला काय सांगते?

मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च मुंबई-आग्रा महामार्गाने घोटीवरून पुढे कसारा घाट उतरला आणि 12 मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. त्याच वर्षी 12 डिसेंबरला सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिनालेत शेतकऱ्यांच्या आंदोलनांवरील एक मोठी कलाकृती मांडली गेली. ती साकारणारे प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूर जिल्ह्यातील, कोळसा खाणीशेजारच्या गावातले. जमीन, श्रम आणि ओळख यांचा शोध घेणारी त्यांची मिश्र माध्यमातील कला नेमकी काय आहे, याविषयी…

प्रभाकर पाचपुते कोण आहेत?

पाचपुते यांचा जन्म 1986 मध्ये राजुरा तालुक्यातील सास्ती येथे झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा दगडी कोळशाचा. सास्तीला वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड (वेकोलि) या सरकारी कंपनीची खुली खाण आहे. पाचपुते यांचे कुटुंब मूळचे शेतकरी. पण शेती खाणीसाठी गेली आणि घरातली माणसे खाणीत कामाला लागली. पाचपुते यांनी मात्र शिल्पकलेची वाट धरली. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून 2009 मध्ये पदवी आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून 2011 मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली. आता ते पुण्यात राहतात.

मिश्र माध्यम म्हणजे काय?

एकाच कलाकृतीत दोन किंवा अधिक माध्यमे वापरली की तिला मिश्र माध्यमातील कलाकृती म्हणतात. पाचपुते यांच्या कामात भिंतभर कोळशाची रेखाटने, कॅनव्हास, शिल्पे, प्रकाश, ध्वनी आणि अ‍ॅनिमेशन एकत्र येतात. या अ‍ॅनिमेशनची पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. चित्र काढायचे, त्याचे छायाचित्र घ्यायचे, थोडे पुसून पुन्हा काढायचे, पुन्हा छायाचित्र घ्यायचे. पुसलेल्या रेषेचा डाग कागदावर राहतो आणि हलत्या चित्रात आधीच्या आकृतीची सावली दिसत राहते.

भिंतीवरची अनेक रेखाटने प्रदर्शन संपल्यावर रंग देऊन मिटवली जातात. जिथे गावे आणि शेतेच नकाशावरून पुसली गेली, त्या भागातल्या कलाकाराने असे मिटणारे माध्यम निवडावे, हे अर्थपूर्ण आहे.

कोळसाच का?

मराठीत ‘कोळसा’ हा एकच शब्द दोन वस्तूंना लावला जातो. चित्रकार वापरतात तो लाकूड जाळून केलेला, म्हणजे लोणारी कोळशाच्या जातीचा. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. पदार्थ वेगळे असले तरी हाताला लागणारी काजळी सारखीच. त्यामुळे पाचपुते यांच्या भिंतीवरचा काळा रंग नुसता रंग उरत नाही, त्याला खाणीचा संदर्भ आपोआप चिकटतो.

मुंबईतील क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह येथे 2012 मध्ये झालेल्या त्यांच्या प्रदर्शनाचे नाव होते ‘कॅनरी इन अ कोल माइन’. ब्रिटनमधील खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेले जात. पक्षी मलूल झाला की माणसांनी बाहेर पडायचे. ही प्रथा बंद करण्याचा निर्णय तिथे 1986 मध्ये झाला. धोका सर्वांत आधी कोणाच्या जिवावर बेततो, हा प्रश्न त्या नावातच आहे.

त्यांच्या चित्रांतील माणसे विचित्र का दिसतात?

पाचपुते यांच्या आकृत्यांना अनेकदा चेहरा नसतो. डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्राचा भाग असतो. कुठे माणूस, जनावर आणि यंत्र एकाच देहात मिसळलेले असतात. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. शेतकऱ्याची ओळख त्याच्या जमिनीवरून होते. अमक्याचे शेत, तमक्याचा बांध. खाणीत शिरल्यावर तोच माणूस हजेरीपटावरचा क्रमांक होतो आणि त्याचे शरीर यंत्राच्या वेगाने चालू लागते. ओळख बदलण्याची ही प्रक्रिया ते देहावरच चितारतात.

जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळते, मग प्रश्न काय?

कोळसाधारी प्रदेश (संपादन व विकास) कायदा, 1957 या कायद्याने केंद्र सरकार कोळशाची जमीन ताब्यात घेऊ शकते. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे सूत्र आहे. पण नोकरी निवृत्तीबरोबर संपते, तर जमीन पुढच्या पिढीकडे जाते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या शेतमजुराचे काय, हा प्रश्न वेगळाच. वारसा म्हटले की किल्ले, मंदिरे, वाडे आठवतात. पाचपुते यांच्या कामात वारसा म्हणजे पेरणीचे ज्ञान, गावाची शिव आणि जमिनीशी असलेले नाते. त्याची नोंद मोबदल्याच्या पावतीत होत नाही.

शेतकरी आंदोलनाशी संबंध कसा?

कोची बिनालेतील त्यांच्या कलाकृतीचे नाव ‘रेझिलियंट बॉडीज इन द इरा ऑफ रेझिस्टन्स’, म्हणजे प्रतिकाराच्या काळातील चिवट देह. लाँग मार्चमध्ये सुमारे 180 किलोमीटर चालून आलेल्या शेतकऱ्यांचे फोड आलेले, रक्ताळलेले तळवे देशाने पाहिले होते. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक मुख्य मागणी होती. कसत असलेल्या जमिनीचा कागद मिळावा, यासाठी ते चालले. निषेधाचे साधन म्हणून उरलेले शरीर, हाच पाचपुते यांच्या या कामाचा गाभा आहे.

घोटी-इगतपुरीच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. भाताच्या या पट्ट्यात आधी वैतरणा धरणासाठी आणि अलीकडे समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या. इगतपुरी तालुक्यातील भरवीरपर्यंतचा समृद्धीचा टप्पा 2023 मध्ये, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. मोबदला, नोकरी, रस्ता यांचे हिशेब मांडले गेले. बांधावरच्या आठवणींचा रकाना त्यात नव्हता.

जगाने दखल कशी घेतली?

वेल्समधील कार्डिफ येथे दिल्या जाणाऱ्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्काराच्या नवव्या पर्वात, 2021 मध्ये, अंतिम यादीतील सहाही कलाकारांना तो विभागून देण्यात आला. पाचपुते त्यांपैकी एक. वेल्स हाही जुन्या कोळसा खाणींचा प्रदेश. तिथल्या खाणकामगारांच्या आणि विदर्भातल्या खाणकामगारांच्या जगण्यातले साम्य त्यांनी आपल्या कामातून समोर आणले. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिनालेच्या मुख्य प्रदर्शनातही त्यांचा समावेश होता.

आज याचे महत्त्व काय?

ब्रिटनने आपले अखेरचे कोळशावरील वीज केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद केले. भारतात मात्र 2024-25 या वर्षात कोळसा उत्पादनाने 100 कोटी टनांचा टप्पा ओलांडला. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे आणि नाशिकजवळचे एकलहरे केंद्रही कोळशावरच चालते. वीज सर्वांना हवी आहे आणि तिची किंमत बिलावर छापलेली असते. सास्तीसारख्या गावांनी मोजलेली किंमत त्या बिलावर नसते. पाचपुते तिचीच नोंद भिंतीवर ठेवत आले आहेत.