छतावरची वीज : जोडण्यापूर्वी हिशेब करा

बारामती-इंदापूर भागातील काही साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज तयार करतात व उरलेली महावितरणला देतात. आता लहान दुकानदार व कारागिरांनाही असाच मार्ग खुला आहे. राज्य वीज नियामक आयोगाने छतावरील सौर विजेसाठी २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले, २०१९ मध्ये ते नव्याने आले. दिवसा जादा झालेली वीज तारेत जाते, गरजेला परत घेता येते आणि बिलात तिची वजावट मिळते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

व्यापारी बंधूंनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाईट गेली की साधा सौर संच आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ही सोय असते. लाईट गेल्यावरही दुकान चालवायचे तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा. दुसरे, डिझेल जनरेटर थेट मेनला कधीही जोडू नये, चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर उलटी वीज डीपीतून वर चढून हजारो व्होल्टची होते.

२०२४ च्या सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती जोडणीला आहे, दुकानाच्या मीटरला नाही. तेव्हा कंत्राटदाराच्या तोंडी हिशेबावर न जाता मंजूर भार, वर्षाचे युनिट व छतावरची सावली पाहूनच पैसा घालावा.