मृत्तिकेची पाहणी

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव लागते, आणि गाडीच्या खिडकीतून दोहों बाजूंना जे काळे, सपाट, क्षितिजास भिडलेले रान दिसते, ते पाहताना या मातीचा आणि डोंगराचा काही संबंध असेल अशी शंकाही प्रवाशाच्या मनास शिवत नाही. परंतु मृदासर्वेक्षणात ज्याची हयात गेली अशा माणसाला या रानाची ओळख विचारावी, तर तो पायाखालच्या मातीविषयी बोलण्याआधी उत्तरेस जिंतूरच्या डोंगरांकडे बोट दाखवील. कारण सपाटीवरची माती सपाटीवर उभे राहून उलगडत नाही, तिचा क्रम माथ्यापासून वाचीत खाली यावे लागते.

जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरले आहेत, आणि नेमगिरीची जैन लेणी याच डोंगरांत आहेत. तेथे माथ्यावर पडलेले पाणी झिजलेल्या खडकाचा भुगा जागच्या जागी राहू देत नाही. म्हणून वीतभर माती खणली न खणली तोच कुदळ मुरमावर वाजते. उतार सौम्य झाला की थर हातभर होतो, पायथ्याशी चुनखडीचे खडे दिसू लागतात, आणि ओढ्याकाठच्या सखल भागात पुरुषभर खोल, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन लागते. खडक मात्र माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण. भेद पाडला तो उताराने, पाण्याने आणि काळाने. म्हणूनच मातीचा नकाशा करणारा प्रथम माती पाहत नाही, भूमीचे रूप पाहतो: उपग्रहचित्र आणि समोच्च रेषांचा नकाशा समोर ठेवून माथा, कडा, उतार, पायथा आणि मैदान यांच्या सीमा आखतो, आणि मग माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेघ धरून तिच्यावर खड्डे घेत जातो.

या विद्येचा सगळा कस त्या खड्ड्यात लागतो. दीड-दोन मीटर खोल खणून, ज्या भिंतीवर ऊन येईल ती सुरीने तासून घेतात, तिच्याशी फीत लावतात आणि थर कोठे बदलला हे डोळ्यांनी व सुरीच्या टोकाने ठरवितात. ढेकूळ फोडून त्याचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तकातील चौकटींशी ताडतात. चिमूटभर माती पाण्याने भिजवून अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबीत तिची पट्टी काढतात, आणि ती न तुटता किती लांब निघाली यावरून चिकणमातीचा अंदाज बांधतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फेस उसळला तर चुना आहे असे लिहितात. भारी काळ्या जमिनीत हात-दोन हात खाली गेले की ढेकळांच्या तिरप्या अंगांवर घोटल्यासारखी चकाकी दिसते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी माती स्वतःवरच घसरत राहते, तिच्या घर्षणाची ही खूण. काळ्या जमिनीची एवढी बोलकी साक्ष मला दुसरी माहीत नाही.

खणून, चोळून माती पारखण्याची ही रीत सरकारी दप्तरात फार पूर्वीच आली होती. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणी व प्रतबंदी चालविली, आणि जिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले, तिची साखळी तेहतीस फुटांची असून तिचे सोळा आणे पाडलेले असत. अशा एका साखळीचा चौरस म्हणजेच आपला गुंठा. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली हाताने मोजीत. पावणेदोन हात खोल उत्तम काळ्या जमिनीस सोळा आणे, आणि तेथून चौदा, बारा, दहा असे उतरत नवव्या प्रतीस दोन आणे. चुनखड, वाळूची भेसळ, उतार, पाण्याचा लोंढा वरून वाहण्याची भीती, असा एकेक दोष आढळला की शेताच्या आकृतीत त्याची खूण करून जमीन एक प्रत खाली उतरवीत. पुढे निजामाच्या मुलखातील मराठवाड्यातही बंदोबस्त झाला तो याच मुंबई पद्धतीच्या वळणावर. हेतू महसुलाचा होता हे खरे. तरी उन्हातान्हात भागोभाग खणीत फिरलेल्या त्या कारकुनांच्या नजरेविषयी मला नितांत आदर वाटतो, कारण उतार हा जमिनीचाच गुण मानून तो प्रतीत धरण्याचे शहाणपण त्यांच्या नियमांत होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला: जमिनीकडून किती घ्यावे हे राहिले बाजूला, तिला काय झेपेल हे पाहणे आले. त्यासाठी १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो स्थापन झाला, आणि नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे झाले. सह्याद्रीतील त्याच्या संशोधकांचे काम विशेष मोलाचे आहे. घाटमाथ्यावर पाऊस एवढा कोसळतो की मातीतील चुना केव्हाच धुऊन जावयास हवा होता. पण तेथेही लाल मातीच्या शेजारी, सखल खळग्यांत, चुन्याच्या बळावर तगणारी काळी माती टिकून आहे. भट्टाचार्य, पाल आणि देशपांडे यांनी १९९३ मध्ये याचा उलगडा केला, तो असा की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतील झिओलाइट नावाची खनिजे झिजता झिजता मातीस चुना पुरवीत राहतात. डोंगराच्या पोटातली ही शिदोरी नुसत्या आकाशातून घेतलेल्या चित्रात दिसली नसती.

१९८६ मध्ये ब्युरोने राज्यवार नकाशांचे काम हाती घेतले ते एकास अडीच लाख या प्रमाणावर, म्हणजे कागदावरील एक चौरस सेंटिमीटरमध्ये सव्वासहाशे हेक्टर. त्यात पेडगावासारख्या गावाचे सारे शिवार बोटाच्या पेराखाली झाकून जाते. आताचे तपशीलवार काम एकास दहा हजारावर चालते, तेथे एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर, अडीच एकरांचे शेत. या प्रमाणावर आलेला नकाशा शेतकऱ्याच्या भाषेतही उतरावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. बरड, मुरमाड, चुनखड, चोपण, भारी हे त्याचे शब्द पिढ्यान् पिढ्यांच्या नांगरटीने पारखलेले आहेत, आणि नकाशाच्या सूचीत शास्त्रीय नावाशेजारी ते छापण्यास फारशी शाई लागणार नाही.

नोंदी संपल्या, नमुन्यांच्या पिशव्या बांधून झाल्या, की खड्डा बुजवितात, आणि त्यालाही क्रम आहे: खालचा चुनखडीचा थर आधी आत लोटावयाचा, मग मधला, आणि खणताना वेगळी काढून ठेवलेली वरची वीतभर काळी माती अगदी शेवटी, हाताने पसरून, कारण येत्या मृगात त्याच जागेवरून शेतकऱ्याची तिफण जावयाची असते.