आधी दगड की आधी काठी?

१ सप्टेंबर २०२३ च्या संध्याकाळी अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि त्याच रात्री त्याची चित्रणे बीड जिल्ह्यातल्या मोबाइलांवर फिरू लागली. अंतर तसे फार नाहीच. गेवराई सोडून शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की जालना जिल्ह्यातला अंबड तालुका लागतो. उपोषणाला बसलेले मनोज जरांगे पाटील मूळचे आमच्याच शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. तीन दिवसांत, ४ सप्टेंबरला, गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले.

महाराष्ट्राला ही गती नवी होती. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने मान्य केला नाही. तरीही गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी न्यायालयात दोषी ठरायला २००९ उजाडले. तेव्हा लोकांच्या खिशात कॅमेरे नव्हते. मग आता ते आहेत म्हणून प्रश्न सुटला का? कात्रणे आणि निकालपत्रे चाळताना मला तसे दिसत नाही.

अंतरवालीचा वाद आजही एकाच प्रश्नाशी अडलेला आहे : आधी दगड की आधी काठी? आंदोलक म्हणतात, शांत बसलेल्या बायाबापड्यांवर पोलीस तुटून पडले. पोलिसांची बाजू अशी, की दगडफेक आधी झाली आणि त्यांचीही माणसे जखमी झाली. छगन भुजबळांनी ती जाहीर सभांतून मांडली. दोन्हीकडे चित्रणे आहेत, आणि दोन्हीकडची खोटी असायची गरज नाही. आरडाओरडा ऐकू आल्यावर माणूस खिशातून फोन काढतो. म्हणजे चित्रण सुरू होते तेव्हा पहिला क्षण निघून गेलेला असतो.

कायद्याला मात्र नेमका तोच क्षण हवा असतो. त्या वेळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ नुसार (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८) जमाव आधी बेकायदा किंवा शांतताभंग करू शकणारा असावा लागतो. मग कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने पांगण्याचा हुकूम द्यायचा. आणि जमाव हलला नाही किंवा न हलण्याचा निर्धार त्याने दाखवला, तर बळ वापरायचे. म्हणजे न्यायालय फक्त काठी किती जोरात पडली एवढेच विचारणार नाही. हुकूम कोणी दिला, तो ऐकू गेला का, हटायला वाव होता का, हेही विचारील. तीस सेकंदांच्या तुकड्यात याचे उत्तर क्वचितच सापडते.

उलट, चित्रण पुन्हापुन्हा पाहण्यानेही घात होऊ शकतो. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण शेजारच्या एका रहिवाशाने घराच्या सज्जातून टिपली. जगाने ती पाहिली. खटल्यात बचावाच्या वकिलांनी तीच फीत संथ करून, एकेक चौकट थांबवून दाखवली. प्रत्येक फटका स्वतंत्रपणे समजावून सांगितला. १९९२ मध्ये ज्यूरीने एकाही पोलिसाला दोषी ठरवले नाही आणि शहर पेटले. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयात दोघांना शिक्षा झाली, तीही त्याच फितीच्या पुराव्यावर.

आपल्याकडे मोबाइलमधले चित्र न्यायालयात कसे टिकते, याचा आजचा महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातूनच गेलेला आहे, आणि पोलिसांशी त्याचा काहीही संबंध नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतले गेले, असे पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. त्याच्या प्रती मिळाल्या. पण ‘हे चित्रण या यंत्रातून, असे उतरवले’ हे कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालय म्हणाले : प्रमाणपत्र अनिवार्यच, मात्र शक्य ते सारे करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करणार नाही. आणि ज्याचा मूळ फोन आहे त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून तो फोनच हजर केला, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

मला कायद्याचे औपचारिक शिक्षण नाही. हा निकाल मी चार वेळा वाचला तेव्हा कुठे उमगला. पण गावातल्या माणसासाठी त्यातले हे शेवटचे वाक्य सोन्यासारखे आहे. आपल्याकडे होते काय, तर चित्रण करणारा ते गटात टाकतो आणि जागा भरली म्हणून मूळ फाइल पुसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान होतो आणि कधी, कुठे, कोणत्या यंत्रात टिपला याच्या खुणा त्यातून गळून पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्रावर फाइलचे ‘हॅश’ मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. हजार जणांकडे पोचलेल्या प्रतीचा ठसा मुळाशी जुळत नाही. आणि मूळ ज्याच्याकडे होते तो अनेकदा पुढे यायला घाबरतो, कारण तो तिथे हजर होता याचा पुरावाही तेच चित्रण असते.

ही भीती अनाठायी नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला आमच्याच जिल्ह्यात माजलगावला आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवले गेले, बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचे. त्या दिवशी तक्रार नेमकी उलटी होती : पोलीस होते कुठे? आणि नंतर चित्रणे तपासून माणसे ओळखली गेली, अटका झाल्या. दोन महिन्यांपूर्वी पोलिसांना अडचणीत आणणारा कॅमेरा आता पोलिसांच्या कामी आला. दोन्ही घटनांवर एकाच तोंडाने बोलणारी माणसे या काळात जिल्ह्यात मला फार कमी भेटली. बहुतेकांनी आपापल्या जातीला सोयीचे चित्रण तेवढे जपून ठेवले होते.

रस्त्यावरच्या चित्रणाला निदान अनेक मालक असतात. ठाण्याच्या चार भिंतींतल्या कॅमेऱ्याला एकच, आणि ज्याच्यावर आरोप तोच. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, बोळांत, निरीक्षकाच्या खोलीतही आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले. साठवण अठरा महिन्यांची, आणि तशी सोय बाजारात नसेल तर कमीत कमी एक वर्षाची. योगायोग असा, की हा निकाल आणि खोतकर निकाल, दोन्ही खंडपीठांवर न्या. रोहिंटन नरिमन होते.

परभणीत या आदेशाचा कस लागला. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले, की चित्रणात कुठे मारहाण दिसत नाही आणि मारहाण झाल्याची तक्रार सोमनाथने दंडाधिकाऱ्यांपुढे केली नव्हती. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. कॅमेऱ्यात ‘न दिसणे’ म्हणजे ‘न घडणे’ नव्हे, एवढे तरी यातून निघते : कॅमेरा कुठे होता, कुठल्या तासांचे चित्रण पाहिले आणि ते कोणी निवडले, हे आधी कळायला हवे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. सोमनाथच्या आईच्या याचिकेवर ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, ते आव्हान ३० जुलैला फेटाळले गेले. मृत्यूपासून साडेसात महिने उलटले होते, आणि तेवढ्यात गाठले काय, तर तपासाची पहिली पायरी.

सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. अठरा महिन्यांचा हिशेब लावला, तर त्या डिसेंबरातले परभणीच्या ठाण्यांतले सगळे चित्रण, विधानसभेत ज्याचा हवाला दिला गेला ते आणि ज्याचा दिला गेला नाही तेही, निदान जून २०२६ पर्यंत जागेवर असायला हवे.